तेविसाव्या प्लेटची मोजणी

शनिवारी सकाळी साडेनऊला फोन वाजला, तेव्हा मार्तंड भोईटे कॉलेजच्या फाटकावर मुलांची ओळखपत्रं तपासत होते. फोनवर फिजिक्सचा तरुण प्राध्यापक मुकुल होता.

"भोईटेजी, जरा वर येता का? एक प्लेट गायब आहे. तिच्या जागी किसीने साधी काच ठेवली आहे."

मुकुलच्या घराण्याला झाशीत येऊन सात पिढ्या झाल्या होत्या. त्याला मराठी सगळं समजायचं, पण बोलताना मध्येच हिंदी घुसायची. भोईट्यांची मराठी मात्र अजून फलटणचीच होती. मिलिटरी पोलिसातून सुभेदार म्हणून निवृत्त झाल्यावर जवळच्या बबीना छावणीतून येऊन ते झाशीतच स्थायिक झाले आणि गेली आठ वर्षं सिविल लाइंसमधल्या या कॉलेजची सुरक्षा सांभाळत होते. या आठ वर्षांत चोरी म्हणजे सायकल, पंखा किंवा नळाची तोटी. काचेची चोरी पहिलीच.

वर प्रयोगशाळेत लोखंडी कपाट उघडं होतं. टेबलावर एक लाकडी पेटी. पेटीला चाळीस खाचा, प्रत्येक खाचेत पोस्टकार्डाएवढी एक काच उभी. मुकुलने तेविसावी काच रुमालात धरून उचलली. बाकीच्या काचांवर तपकिरी साय धरल्यासारखा थर होता. ही आरपार स्वच्छ होती.

"यात इतकं चोरण्यासारखं काय असतं?" भोईट्यांनी विचारलं.

मुकुलने समजावून सांगितलं. पस्तीस-छत्तीस वर्षांपूर्वी या विभागाचे प्रमुख होते जनार्दन मोघे. फोटोच्या फिल्मवर असतो तसा, पण कितीतरी जाड थर दिलेल्या या काचा घेऊन ते परदेशातल्या एका मोठ्या यंत्रापाशी गेले. यंत्रातून सुटलेली लोखंडाची अणुकेंद्रं चाळीस काचांच्या थप्पीतून आरपार नेली. अवकाशातही असेच कण असतात. ते यानाच्या भिंतीवर आदळून फुटतात आणि त्यांचे तुकडे आतल्या माणसाच्या अंगात शिरतात. कोणता कण किती तुकड्यांत फुटतो, हे ठाऊक असल्याशिवाय भिंत कशाची आणि किती जाड हवी हे ठरत नाही. नुसती जाड भिंत करून भागत नाही. कधी कधी जाड भिंतीत तुकडेच जास्त होतात.

"आणि ते तुकडे या काचेत दिसतात?"

"मायक्रोस्कोपमध्ये. बारीक रेघा. एक एक मोजाव्या लागतात. मोघे सरांनी त्या कामाला तीन बायका ठेवल्या होत्या."

ते भोईट्यांना ठाऊक होतं. त्या तिघींतली एक त्यांची बायको होती. लग्नानंतर दोन-तीन वर्षं अनुसया हे काम करत होती. परवा गुरुवारीच विभागाने या जुन्या मोजणीवाल्यांचा सत्कार केला होता. माधवीताई वारल्या होत्या, म्हणून जाई दांडेकर आणि अनुसया अशा दोघीच आल्या. शाल, श्रीफळ, चहा, समोसे. पेटी टेबलावर मांडून ठेवली होती. भोईटे मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते.

"हीच प्लेट का?" त्यांनी विचारलं.

मुकुलने त्यांच्यापुढे एक पत्र ठेवलं. जुन्या वह्यांमधले आकडे त्याने दोन वर्षं खपून कॉम्प्युटरवर चढवले होते आणि जगभरचा असा मापनांचा साठा जमवणाऱ्या केंद्राकडे पाठवले होते. मंगळवारी केंद्राकडून विचारणा आली. तेविसाव्या प्लेटचा प्रत्येक आकडा बावीस आणि चोवीसच्या आकड्यांच्या बरोबर मध्ये पडतो. निसर्ग इतका सरळ चालत नाही. प्लेट पुन्हा मोजून कळवा. थप्पीत जितकं आत जावं तितका कणांचा वेग कमी होतो, आणि तेविसाव्या प्लेटीपाशी जो वेग होता त्या वेगाचं मापन दुसऱ्या कोणीच केलेलं नव्हतं. यानाचं गणित करणारे त्याच आकड्यांची वाट पाहत होते. फेरमोजणी सोमवारी ठरली होती.

"हे कोणाकोणाला माहीत होतं?"

"हेड सर, मी, सुभाषचंद्र. और आप. आपल्याला बुधवारी पत्र दिलं होतं ना, खोली बंदोबस्तात ठेवायला."

दिलं होतं. कॉलेजचं कुठलंही पत्र घरी मोठ्याने वाचून दाखवायची भोईट्यांना सवय होती. तेही त्यांनी जेवताना वाचलं होतं. पोलिसी हिशेबात त्यांनी यादीतून स्वतःला वगळलं. तिघं उरले.

विभागप्रमुख निरंजन लघाटे मोघ्यांचेच विद्यार्थी. गुरूच्या कामावर डाग येऊ नये असं त्यांना वाटणं साहजिक होतं, आणि कपाटाची दुसरी किल्ली त्यांच्याच खणात असायची. आकडे पाठवले मुकुलने. चूक त्याने केली असेल तर फेरमोजणीत तोच उघडा पडणार होता. तिसरा सुभाषचंद्र रैकवार, प्रयोगशाळेचा परिचर. एकवीस वर्षांची नोकरी. भोईट्यांनी त्यालाच आधी बोलावलं.

"चाबी किसके पास रहती है?"

"मेरे पास, साहब. दूसरी हेड साहब की दराज में."

"गुरुवार को ताला किसने लगाया?"

"मैंने. शाम को चालीस गिनीं, रजिस्टर में लिखा, ताला लगाया. फिर आज ही खुला."

"एक-एक उठाकर गिनी थीं?"

"उठाते नहीं साहब. हमें हाथ लगाना मना है. ऊपर से किनारे गिन लेते हैं."

भोईट्यांना वाटलं, इथेच सापडला. किल्ली याच्याकडे, मोजणी याची, आणि काच ओळखू येऊ नये अशी मोजायची पद्धतही याचीच. त्यांनी त्याला बाहेर व्हरांड्यात उभं केलं आणि पिशवी उलटी करायला लावली. प्रॅक्टिकलला आलेली मुलं दोन्ही बाजूंना थांबली. पिशवीतून डबा, बंडी, रक्तदाबाच्या गोळ्या आणि विजेचं बिल निघालं. डब्याचं झाकण घरंगळत गेलं. रांगेतली एक मुलगी पुढे झाली आणि तिने ते उचललं. सुभाषचंद्रची थोरली होती ती, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. बापाच्या हातात झाकण देताना तिने भोईट्यांकडे एकदा पाहिलं.

सोमवारपर्यंत कामावर यायचं नाही, असं त्यांनी त्याला सर्वांसमोर सांगितलं. आवाज चढवायची गरज नव्हती. तरी तो चढला.

दुपारी जेवायला ते घरी आले. अनुसयाने पान वाढलं. चोरी झाल्याचं ऐकून तिने कोणावर संशय आहे एवढंच विचारलं. सुभाषचंद्रचं नाव ऐकल्यावर तिच्या हातातली पळी आमटीत तशीच राहिली. तो तसा माणूस नाही, असं ती म्हणाली. भोईटे म्हणाले, तसा माणूस म्हणजे कसा, हे ओळखण्यात माझी नोकरी गेली. समोरच्या भिंतीवर त्यांचा गणवेशातला फोटो होता. रोज दुपारी खिडकीचा उजेड त्यावर असा पडायचा की चेहरा दिसत नसे. आज मिशीचा प्रत्येक केस नीट दिसत होता. पुसला असेल, असं मनाशी म्हणून त्यांनी भात कालवला.

संध्याकाळी त्यांनी ती साधी काच पुन्हा हातात घेतली. दोन कडा जुन्या, काळपट. दोन कडा ताज्या कापलेल्या. खालच्या उजव्या कोपऱ्यात शाईने मराठी आकड्यांत २३ लिहिलेलं. त्यांनी मुकुलला बाकीच्या प्लेटा उचलायला लावल्या. प्रत्येकीवर आकडा त्याच कोपऱ्यात होता. पेटीत असताना तो खाचेत दडायचा, वरून दिसतच नसे.

"तुम्हाला माहीत होतं, आकडा इथे असतो?"

"आज पहिल्यांदा हात लावतोय," मुकुल म्हणाला. "मी फक्त वह्या पाहिल्या."

मग भोईट्यांनी वही मागितली. पानापानावर तेलाचे ठिपके होते. मायक्रोस्कोपच्या भिंगाखाली तेलाचा थेंब सोडतात, तेच बोटांना लागून पानांवर उतरतं, असं मुकुल म्हणाला. बावीस नंबरची पानं तेलकट. चोवीसची तेलकट. तेवीसच्या सहा पानांवर तेलाचा एकही ठिपका नव्हता. शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात एक पिवळा डाग होता, हळदीचा. तारीख नोव्हेंबर १९८९. कोणाचं नाव नव्हतं.

भोईट्यांनी तारखेवर बोट ठेवलं. सुभाषचंद्रला नोकरीला लागून एकवीस वर्षं झाली होती. ही वही त्याच्या आधीची होती.

रविवारी सकाळी ते ओरछा गेटजवळच्या गल्लीत जाई दांडेकरांकडे गेले. जाईताई सत्तरीच्या होत्या, कान तिखट, जीभही. तेवीस नंबरची प्लेट कोणाच्या वाट्याला होती, असं त्यांनी विचारलं.

"माझ्याकडे नव्हती," त्या म्हणाल्या. मग चहाचा कप खाली ठेवत म्हणाल्या, "भोईटे, हे मला तुम्ही विचारताय?"

तिथून भोईटे फ्रेमवाल्यांकडे वळले. ज्यांच्याकडे फोटोची पातळ काच कापून मिळते, ते दोघेही त्याच गल्लीच्या तोंडाशी बसायचे. पहिल्याने मान हलवली. दुसऱ्याने काच हातात घेतली आणि लगेच ओळखली. गुरुवारी सकाळी दुकान उघडताच एक बाई आल्या होत्या, असं त्याने सांगितलं. मापासाठी गाठ मारलेला दोरा आणला होता. नवी काच दाखवली तर जाड आहे म्हणून नको म्हणाल्या. काच त्यांनी स्वतःची आणली होती, एका जुन्या फोटोची. कशाचा फोटो, हे त्याने हसत हसत सांगितलं.

भोईट्यांनी शेजारचं स्टूल ओढलं आणि ते खाली बसले. फ्रेमवाल्याने पाणी दिलं. ते त्यांनी हातात धरलं, प्यायले नाहीत.

सोमवारी दहा वाजता निरंजन लघाट्यांच्या खोलीत माणसं जमली. लघाटे, मुकुल, जाईताई आणि अनुसया. सुभाषचंद्रला निरोप पाठवून बोलावलं होतं. मुलीलाही आण, असं भोईट्यांनी मुद्दाम सांगितलं होतं. ती बापाच्या खुर्चीमागे उभी राहिली. भोईटे बसले नाहीत.

"शनिवारी मी चुकलो," त्यांनी सुरुवात केली. "किल्ली कोणाकडे, एवढंच मी पाहिलं. ज्याच्याकडे किल्ली आहे त्याला काच लागतेच कशाला? तो सवडीने येईल, प्लेट काढेल, फोडेल आणि हातून पडली म्हणेल. बदली काच फक्त एका गोष्टीला उपयोगी होती. गुरुवारी संध्याकाळी सुभाषचंद्र किनारी मोजणार होता, त्या मोजणीत चाळीस भराव्यात म्हणून. म्हणजे अदलाबदल त्या मोजणीच्या आधी झाली. पेटी उघडी होती ती चहाच्या वेळी, अर्धा तास. हे काम किल्ली नसलेल्या माणसाचं आहे."

लघाट्यांनी चष्मा काढला.

"काचेवर आकडा खालच्या कोपऱ्यात होता. तो तिथे असतो हे पेटी पाहून कळत नाही. ज्याने प्लेट हाताळली आहे त्यालाच ते ठाऊक. लघाटे सर, जाईताई, आणि तिसरी एक. लघाटे सरांकडे किल्ली आहे, त्यांना हा खटाटोप नको होता. दोघी उरल्या. आता वही. बाकी सगळ्या पानांवर तेल आहे, तेवीसवर नाही. तेवीसचे आकडे मायक्रोस्कोपला डोळा लावून लिहिलेच नाहीत. ते घरी, स्वयंपाकघरात बसून लिहिले. बावीस आणि चोवीसची पानं समोर धरून, मधला आकडा काढून."

"पण तेवीसच तपासणार हे बाहेर कसं गेलं?" मुकुलने विचारलं.

"माझ्या तोंडून. बुधवारी जेवताना मी पत्र वाचून दाखवलं. गुरुवारी सकाळी ओरछा गेटला एका बाईंनी काच कापून घेतली. जुन्या फोटोची काच. फोटो एका फौजीचा. माझा."

जाईताईंनी डोळे मिटून घेतले. सुभाषचंद्रची मुलगी भोईट्यांकडे बघत होती, आणि ती नजर चुकवायची नाही असं त्यांनी घरून ठरवून आणलं होतं. तेवढं त्यांना जमलं नाही. ते टेबलाकडे पाहू लागले.

"आज सकाळी मी हिला एवढंच म्हणालो, दहाला कॉलेजात ये, ती प्लेट घेऊन. कोणती, असं तिने विचारलं नाही."

अनुसया उठली. पर्समधून तिने लोकरी मफलरची घडी काढली, उलगडली आणि प्लेट लघाट्यांसमोर ठेवली.

"माप अजून हाताला पाठ होतं. शालीच्या आत घेतली होती," ती म्हणाली. "घरी फोडायला काढली. हात उचलला नाही."

"का केलंस, अनुसया?" लघाट्यांनी विचारलं. दोघं त्या काळी एकाच मायक्रोस्कोपवर आळीपाळीने बसलेले होते.

तिने नवऱ्याकडे पाहिलं. "चोर यांनी शोधला. कारणही यांनीच सांगावं."

भोईट्यांना ते सांगावं लागलं. त्या वर्षी दिवाळीनंतर ते दोन महिन्यांच्या रजेवर बबीन्याच्या क्वार्टरमध्ये आले होते. बायको रोज अंधाऱ्या खोलीत परक्या माणसांबरोबर बसते, हे क्वार्टरच्या शेजाऱ्यांनी त्यांना हसत सांगितलं होतं. त्यांनी तिचं जाणं बंद केलं. मोघे सर स्वतः बबीन्याला आले. एकच प्लेट राहिली आहे, चार दिवसांचं काम, म्हणाले. भोईट्यांनी त्यांना दारातूनच परत पाठवलं, पाणीसुद्धा विचारलं नाही.

"वही माझ्याकडे होती," अनुसया म्हणाली. "सरांची आकडे पाठवायची तारीख जवळ आली होती. यांची रजा संपल्यावर मी वही परत दिली. झाली का, त्यांनी विचारलं. मी झाली म्हटलं. त्यांनी माझ्यावर कधी अविश्वास दाखवला नाही, म्हणून तपासलंही नाही. पुढे वाटायचं, कोण बघणार आहे त्या वह्या. यांनी पत्र वाचलं तेव्हा कळलं की त्या आकड्यांच्या भरवशावर माणसं यानातून वर जायची आहेत. तेव्हाच बोलायला हवं होतं. पण दुसऱ्या दिवशी सत्कार होता." ती थांबली. "आणि सुभाष भैयाचं नाव आलं, तेव्हाही मी गप्प बसले. ते सगळ्यात वाईट."

लघाट्यांनी तिथल्या तिथे ठरवलं. पोलिसात जायचं नाही. पण केंद्राला आजच पत्र जाईल, खरं कारण लिहून, आणि तेवीसचे आकडे मागे घेतले जातील. अनुसयाने मोजलेल्या अकराच्या अकरा प्लेटा पुन्हा मोजल्या जातील. जाईताई आणि मुकुल मोजतील. तिच्या वहीतल्या खुणा तिच्याशिवाय कोणाला वाचता येत नाहीत, म्हणून तिने शेजारी बसायचं. मायक्रोस्कोपला मात्र हात लावायचा नाही. अनुसयाने मान डोलावली.

मग भोईटे सुभाषचंद्रसमोर गेले आणि हात जोडले. हिंदीत माफी मागितली.

"मुझसे क्या माँगते हैं साहब," सुभाषचंद्र म्हणाला. "मैं तो दे ही दूँगा, नौकरी करनी है. इससे कहिए. आज कॉलेज आने को तैयार नहीं थी."

भोईटे मुलीकडे वळले. ते म्हणाले, तुझ्या वडिलांची झडती मी सगळ्यांसमोर घेतली. त्यांचा काही दोष नव्हता, हेही मी आजच तुझ्या वर्गात येऊन सगळ्यांसमोर सांगतो. हे ते मराठीतच बोलून गेले आणि मग हिंदीत पुन्हा सांगितलं. "ठीक है, सर," ती म्हणाली. माफ केलं असं ती म्हणाली नाही. तिसऱ्या तासाला ते वर्गात जाऊन सांगून आले. चाळीस मुलं ऐकत होती. ती खाली मान घालून वहीत काहीतरी लिहीत होती.

दुपारी फाटकाबाहेर अनुसया रिक्षाची वाट पाहत उभी होती. भोईटे तिच्या शेजारी जाऊन थांबले.

"सरांनी चार दिवस मागितले होते," भोईटे म्हणाले. "मी ते द्यायला हवे होते."

"तुम्ही देणारे कोण, हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं," अनुसया म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. "ते विचारलं नाही, आणि खोटं लिहिलं. ते माझं. तुमच्यावर नाही ढकलत."

तिने किती प्लेटा मोजल्या, रोज किती तास बसायची, एका प्लेटीला किती दिवस लागायचे, यातलं भोईट्यांनी तिला कधीच विचारलेलं नव्हतं. अकरा प्लेटा तिच्या, हेही त्यांना आज परक्यांच्या तोंडून कळलं होतं.

"उद्यापासून मी दहा ते चार इथे असणार," ती म्हणाली. "अकरा प्लेटा आहेत. किती महिने लागतील सांगता येत नाही."

"बरं."

रिक्षा थांबली. तिने पत्ता सांगितला आणि ती आत जाऊन बसली. भोईटे खालीच उभे राहिले, चढावं की नाही हे न कळून. रिक्षावाल्याने मागे वळून पाहिलं. अनुसयाने पर्स मांडीवर घेतली आणि ती थोडी पलीकडे सरकली.